ओळंबा लावून शिवणारे मास्तर

आमच्या मास्तरांनी दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला ‘या, बसा’ असं कधी म्हटलं नाही. ते म्हणत, “उभं ऱ्हावा.” मग भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला ओळंबा काढत. ओळंबा म्हणजे गवंड्यांचाच; दोरीला बांधलेलं लोखंडी वजन, भिंत सरळ उठते आहे की नाही ते बघायचं. मास्तर होते शिंपी, आणि तो ओळंबा ते गिऱ्हाइकाच्या मानेमागून खाली सोडत. एक डोळा मिटून इतका वेळ बघत राहत की माणूस अवघडून जाई. इंची टेप त्यांच्या गळ्यात असे, पण तिची पाळी मागाहून. आधी माणूस किती वाकडा आहे ते कळायला हवं, मग त्याचं माप, असा त्यांचा क्रम होता.

घोटावड्यातले एक बडे बागाईतदार एकदा सदऱ्याचं कापड घेऊन आले. गावात त्यांच्यापुढे मान वर करून कोणी बोलत नसे. मास्तरांनी त्यांना उभं केलं, ओळंबा सोडला आणि म्हणाले, “सदरा सरळच शिवीन. पन तुमी वाकडं हाय. डावा खांदा बोटभर खाली हाय.” बागाईतदार कापड काखोटीला मारून तरातरा निघून गेले. आठ दिवसांनी परत आले आणि आपणहून ओळंब्यापुढे उभे राहिले. घरी आरशापुढे उघड्या अंगाने उभं राहून त्यांनी खात्री करून घेतली असावी. मास्तरांनी डावी बाजू बोटभर उतरवून जो सदरा शिवला, तो आपल्या अंगावर सरळ बसलेला पहिला सदरा, असं ते पुढे आल्यागेल्याला सांगत. खांद्याचं मात्र सांगत नसत.

मास्तर गवंड्याच्या घरात जन्मले. मुळशीच्या वरच्या खोऱ्यात त्यांचं गाव होतं, ते धरणाच्या पाण्यात गेलं. आणि त्याच धरणाच्या भिंतीवर त्यांचे वडील दगड बसवायला होते. मी एकदा न राहवून विचारलं, की आपलंच घर बुडवणारी भिंत बांधताना तुमच्या वडिलांचा हात चालला तरी कसा. मास्तर काज करत होते. वर न बघता म्हणाले, “बाप रोज सांजच्याला त्या भिंतीला शिव्या द्यायचा. दिवसा मातुर ओळंबा लावायचा. म्हनायचा, भिंत वैऱ्याची हाय म्हून वाकडी बांधायची व्हय?”

पुढे एका देवळाची डागडुजी करताना मास्तर परांचीवरून पडले आणि उजवा पाय कायमचा आखडला. उंचावर चढणं संपलं. घोटावड्यात एक म्हातारा शिंपी होता, त्याच्याजवळ बसून ते शिवण शिकले आणि म्हाताऱ्यामागे त्याचं मशीन यांच्याकडे आलं. ते मशीन ते डाव्या एकट्या पायाने चालवत. हातातली थापी जाऊन कात्री आली, पण डोळा गवंड्याचा तो गवंड्याचाच राहिला. बाहीला ते कमान म्हणत, शिवणीला सांधा म्हणत आणि परकराच्या खालच्या घेराला जोतं. एखाद्या बाईने घेर वाढवायला सांगितला की म्हणत, “जोतं वाढवायचं तर कापड वाढवा. हवेत जोतं बांधत न्हाईत.”

कापड कापण्याआधी ते त्याचा काटकोन तपासत, तोही गवंड्याच्या रीतीने. घराचं जोतं आखताना गवंडी समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोरी धरतो. दोन्ही तिरक्या दोऱ्या सारख्या लांबीच्या भरल्या तर चौकोन खरा. मास्तर टॉवेलाच्या कापडालासुद्धा अशी दोन्हीकडून दोरी धरत. गिऱ्हाईक लगीनघाईचं असलं तरी यात सूट नव्हती.

चुकत नसत असं नाही. चुकत, आणि पुष्कळ चुकत, कारण लक्ष कापडावर कमी आणि समोरच्या रस्त्याने जाणाऱ्या माणसांच्या चालण्यावर जास्त. पण चूक झाली म्हणून कापड फेकायचं हे त्यांना मान्य नव्हतं. “गवंडी चुकला की तितं कोनाडा काढतो,” असं ते म्हणत. एकदा एकाच्या नव्या सदऱ्यावर इस्त्रीने भोक पडलं, तिथे त्यांनी खिसा लावून दिला. भोक बरगडीवर होतं. नको तिथे खिसा असलेले चार-पाच सदरे तरी त्या काळी घोटावड्यात फिरत होते, आणि ते घालणाऱ्यांना त्यात काही गैर वाटत नसे. एक जण तर त्या बरगडीवरच्या खिशात पानतंबाखूची चंची ठेवी आणि सोयीचं पडतं म्हणे.

गावाबाहेर ओढ्यावर कंत्राटदाराने एक मोरी बांधली होती. तिची एक भिंत फुगलेली होती. मास्तर त्या वाटेने जात नसत. आखडलेला पाय ओढत शेताच्या बांधावरून अर्ध्या मैलाचा वळसा घालत, पण ती भिंत बघत नसत. एकदा पावसात वळशाची वाट चिखलाने बंद झाली, तेव्हा ते डोळ्यांवर हात धरून काकूंच्या आधाराने मोरी ओलांडून आले. काकू म्हणजे मास्तरांच्या बायको. त्या मला म्हणाल्या, “लोकांस्नी वाटलं ह्यांचं डोळं आलं.” काकूंचं स्वतःचं गाऱ्हाणं वेगळंच होतं. त्या बाजारातली तयार पोलकी घालत. नवऱ्याने त्यांच्यासाठी एक पोलकं बेतायला घेतलं होतं, त्याला वीस वर्षं झाली होती आणि नक्षा अजून चालू होता.

या माणसाकडे मी गेले ते नापास होऊन. पुण्यात मुलींना शिवणकला शिकवणारी एक संस्था होती. मामाकडे राहून मी तिथे पहिलं वर्ष केलं. नुसतं शिवणं नव्हे, पोशाख मनाने योजायचा, कागदावर चितारायचा, मग कापायचा, असं ते शिक्षण होतं. मला त्याचं वेड लागलं होतं. पण परीक्षेत मी विलायती कॅटलॉगमधली कॉलर जशीच्या तशी उचलली. आम्ही सगळ्याच मुली उचलत असू, माझी पकडली गेली. परीक्षक बाईंनी माझा फ्रॉक दोन बोटांत धरला आणि म्हणाल्या, “हे मी पाहिलंय.” एवढंच म्हणाल्या. मी नापास.

घोटावड्याच्या बाजूलाच आमचं गाव चांदे, तिथे घरी आले तेव्हा आबांनी, माझ्या वडिलांनी, एकदाच काय ते सांगितलं. “सहा म्हयन्यानं परत परीक्षा हाय म्हनतीस. एक डाव बस. पास झालीस तर बगू. न्हाईतर सूसचं स्थळ थांबलंय, तितं होकार देतो.” सूसचं स्थळ वाईट नव्हतं; घर खाऊनपिऊन सुखी होतं. पण तिकडे गेले की कात्री सुटणार हे मला कळत होतं.

पुन्हा बसणाऱ्या मुलींनी परीक्षेचा पोशाख घरून शिवून न्यायचा होता. कापड संस्थेचं. पांढरा मांजरपाट, दोन्ही टोकांना निळा शिक्का. ते एकदाच मिळे. ते बिघडलं तर परीक्षाही तिथेच संपली, असं मोठ्या बाईंनी कापड हातात देताना बजावलं होतं. मोठ्या बाई म्हणजे संस्थेच्या मुख्य. मी ते कापड नऊवारीच्या घडीत गुंडाळून ठेवलं आणि रोज सकाळी तासाभराची वाट तुडवून घोटावड्याला मास्तरांकडे जाऊ लागले, कारण आमच्या बाजूला शिवणातलं कळणारं दुसरं कोणी नव्हतं.

मास्तरांनी पहिले तीन आठवडे मला कात्रीला हात लावू दिला नाही. नदीकाठच्या महादेवाच्या देवळात पाठवलं. “बग आन् चितार,” म्हणाले. काय बघू, विचारलं तर म्हणाले, “शिखर बग. खाली रुंद, वर चिंचोळं, आन् कळ्या कशा वर गेल्यात त्या. शिखर हाय तसं कमरंला बांध, परकर झाला.” मला आधी हसू आलं. मग मी वहीत शिखर काढलं, वरचा कळस खोडून तिथे कमरपट्टी काढली, आणि खरंच, समोर परकर उभा राहिला. कळीचा परकर, म्हणजे वर निमुळत्या होत जाणाऱ्या पट्ट्या जोडून केलेला, मी शंभरदा कापला होता. त्या कळ्या वर जाताना कुठे सरळ असतात आणि कुठे आत झुकतात, हे मात्र मला दगडाने दाखवलं.

देवळाच्या आतल्या भिंतीवर जुनी रंगीत चित्रं होती. निम्मी पोपडे होऊन गळलेली. उरलेल्यांत एक बाई डोक्यावर घागर चढवत होती. मास्तर एक दिवस स्वतः लंगडत आले आणि काठीने तिची बगल दाखवून म्हणाले, “चितारी शिंप्यापरीस हुशार व्हता. हात वर केला की पोलकं कुटं वढतं, ते त्यानं रेघंनं दावलंय. तुमी पुन्यात बाईला हात खाली सोडून उभी करता आन् माप घेता. बाई हात खाली सोडून कवा उभी असती? मेल्यावर.” मी घरी जाऊन आईला पाणी भरताना पाहिलं, चुलतीला जात्यावर पाहिलं, आणि रोज वही भरू लागले. रोज देवळात बसते हे आबांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, “शिवान शिकतीस का दगूड मोजतीस?” त्यांचंही फारसं चुकत नव्हतं.

परीक्षेला आठ दिवस उरले तेव्हा माझा बेत ठरला होता. परकर-पोलकं. शिखराच्या कळ्यांचा परकर, बंद गळ्याचं लांब बाहीचं पोलकं, सगळं पांढरंशुभ्र, वर काही कलाकुसर नाही. मास्तरांनी कागद उलटासुलटा करून पाहिला आणि “घर बरं हाय” म्हणाले. त्यांच्या तोंडून ‘बरं’ म्हणजे पुष्कळच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात स्वच्छ चटई अंथरली, त्यावर शिक्क्याचं कापड पसरलं आणि कापण्याआधी हातपाय धुवायला मागच्या दारी गेले.

त्या सकाळी गावकऱ्यांनी मास्तरांना शाळेच्या नव्या ओट्याची आखणी करायला नेलं होतं. आखणीसाठी गवंडी दोरी गेरूत बुडवतात, ती ताणून धरतात आणि मधोमध उचलून सोडतात; जमिनीवर सरळ रेघ उमटते. त्याला सूत मारणं म्हणतात. मास्तरांचा गेरू साधा नव्हता. तो ते हिरड्याच्या पाण्यात कालवत, म्हणजे रेघ पाण्यापावसात जात नाही. मास्तर तिकडून आले ते खुशीत. पुढ्यात माझं कापड पसरलेलं. काटकोन बघायचा म्हणून त्यांनी सवयीने खांद्यावरची दोरी काढली, एक टोक कोपऱ्यात इस्त्रीखाली दाबलं, दुसरं समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणून पायाखाली धरलं. दोरी गेरूने ओली आहे हे ते विसरले. आणि हाताला सकाळपासून लागलेला नाद, त्याने दोरी मधोमध उचलून सोडून दिली. मग दुसरे दोन कोपरे धरून तसंच.

मी आत आले तेव्हा कापडावर या टोकापासून त्या टोकापर्यंत काळपट तांबडी फुली होती. मी कापड उलटं केलं. मागेही तीच. काकू धावत पाणी आणि रिठे घेऊन आल्या. एका कोपऱ्यात चोळून बघितलं, रेघ उलट जास्त चढली. मास्तर गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले होते. त्यांना त्या बाकावर बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ते मला म्हणाले, “पोरी, मी तुझं घर बुडवलं.”

त्या वेळी मी फार वाईट बोलले. गवंड्यानं गवंडी ऱ्हावं, शिंप्याचं सोंग कशाला आनायचं, असं काहीबाही. एका थोर माणसाला मी त्याच्या घरात बसून बोलले, आणि इतक्या वर्षांनीही ते आठवलं की मला लाज वाटते. मास्तरांनी मान खाली घातली. मी कापड तिथेच टाकून देवळाकडे गेले, कारण रडायला दुसरी जागा नव्हती.

रडून झाल्यावर माणूस समोर जे असेल ते बघतो. माझ्यासमोर शिखर होतं. ऊन डोक्यावरून कललं होतं आणि कळ्याकळ्यांच्या कडांवर सावलीच्या तिरक्या रेघा पडल्या होत्या. एका कळीवरची रेघ उजवीकडे चढत होती, शेजारचीवर डावीकडे, आणि दोन कळ्यांच्या सांध्यावर त्या एकमेकींना भेटून टोक होत होतं. सबंध शिखरावर अशी टोकंच टोकं. इतके दिवस मी ते बघत होते आणि मला ते दिसलं नव्हतं, कारण माझ्या परकराला रेघ नको होती. आता रेघ होतीच. मी आत जाऊन घागरवाली बघून आले. तिच्या कमरेपासून बगलेतून मनगटापर्यंत चिताऱ्याने एकच रेघ नेली होती. मी पदराने तोंड पुसलं आणि धावतच दुकानात आले.

मास्तर बाकावर तसेच बसले होते. मी म्हटलं, “मास्तर, गवंडी चुकला की कोनाडा काढतो ना? उठा, सूत धरा.”

पुढचे सहा दिवस त्या दुकानात मी मुकादम होते आणि मास्तर बिगारी. मी सांगायची, या रेघेपासून चार बोटं सोडून दुसरी मारा. ते दोरी ताणून मारायचे. कापडावर आता फुली नव्हती, दोन्ही बाजूंनी चढणाऱ्या रेघांची आखणी होती. परकराच्या कळ्या मी अशा कापल्या की एकीतली रेघ उजवीकडे चढेल आणि शेजारचीतली डावीकडे. शिवणीवर त्या भेटायला हव्या होत्या, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. दोन कळ्या मी तीनदा उसवल्या. मास्तर मधूनमधून “पोरी, हितं काय करतीस?” विचारत, आणि मी “गप ऱ्हावा” म्हणे. ते खरोखर गप राहत.

पोलकं अवघड होतं. मला घागरवालीची रेघ हवी होती. पण हात खाली असताना जुळणारी रेघ हात वर केला की तुटते, आणि वर जुळवली तर खाली तुटते. दोन्ही साधत नाही. मी ठरवलं, खाली तुटू दे. बाहीचा वरचा भाग, ज्याला आम्ही मुंढा म्हणतो, तो मी जुन्या कागदावर एकटीने पुन्हा पुन्हा कापला. पोलकं काकूंच्या मापाने बेतलं होतं. काकू ते घालून दिवसभर हात वर करत, खाली करत. शेवटी म्हणाल्या, “वीस वर्सांनी ह्यांच्या दुकानातलं पोलकं अंगाला लागलं, ते बी परीक्षेचं.” त्यांनी हात डोक्याशी नेला तेव्हा कमरेपासून मनगटापर्यंत रेघ एकसंध झाली. मास्तरांनी ओळंबा उचलला, थोडा वेळ हातात धरला आणि परत खिळ्याला लावला. रेघ तिरकी होती. तिथे ओळंब्याचं काम नव्हतं.

परीक्षेला त्याच बाई होत्या. माझ्या वर्गातल्या, काकूंच्याच अंगलटीच्या एका मुलीला पोशाख घालून उभं केलं. बाईंनी परकर फिरवून पाहिला. मग पेन्सिल बगलेजवळ टेकवून म्हणाल्या, “इथे रेघ जुळलेली नाही. बाकी ठीक होतं.” त्यांनी कागदावर काही लिहायला घेतलं. माझं पुण्यातलं शुद्ध बोलणं ऐन वेळी पळालं. मी म्हटलं, “बाई, तिला घागर उचलाया सांगा.”

मुली हसल्या. ती मुलगी मात्र शहाणी, तिने न हसता हात वर करून डोक्यावर घागर धरल्यासारखा नेला. रेघ जुळली. बाईंची पेन्सिल थांबली. त्यांनी हात खाली करायला लावला, पुन्हा वर करायला लावला. मग खुर्चीवरून उठून मागे गेल्या, बाजूने पाहिलं. “हे कुठल्या पुस्तकात मिळालं?” त्यांनी विचारलं.

“पुस्तकात न्हाई. देवळात.”

मग मी सगळं सांगितलं. शिखर, घागरवाली, मास्तर, गेरूची दोरी, कशी चूक झाली तेसुद्धा. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि लिहिता लिहिता म्हणाल्या, “हे मी कुठे पाहिलेलं नाही.” त्या दिवशी मी मामाच्या घरापर्यंत चालत गेले की उडत, ते मला सांगता येणार नाही.

मी पहिली आले. मास्तरांना सांगायला गेले तर त्यांनी गुण विचारले नाहीत. पोशाख कुठे आहे ते विचारलं. तो मोठ्या बाईंनी संस्थेच्या दर्शनी कपाटात लावला होता. “मला बगायचाय,” मास्तर म्हणाले. पाय आखडल्यापासून ते तालुक्याबाहेर गेले नव्हते. आबा म्हणाले, “मी बी येतो. तरन्या पोरीला आन् लंगड्या मानसाला एकटं कसं सोडायचं?” पास झाल्याचं कळूनही त्यांनी पुढच्या वर्षाचं हो की नाही काही म्हटलं नव्हतं, आणि सूसच्या मंडळींना नकारही कळवला नव्हता. विचारायची माझी छाती होत नव्हती.

संस्थेत आम्ही तिघं कपाटापुढे उभे राहिलो. नव्या मुली वह्या घेऊन पोशाख चितारत होत्या. एक दुसरीला म्हणाली, “बगलेत चुकलंय बघ.” मास्तर तिच्याकडे वळले. “चुकलं न्हाई ते. हात वर झाल्याबिगर दिसायचं न्हाई.” मुली या धोतर-बंडीतल्या म्हाताऱ्याकडे बघत राहिल्या. आवाज ऐकून मोठ्या बाई आल्या, त्यांनी कपाट उघडलं, पोलकं काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “तूच दाखव यांना.” मी फळ्यावर मुंढा काढला आणि बोलू लागले. पाच-दहा मिनिटांत वर्ग भरला. मुली प्रश्न विचारत होत्या, मी उत्तरं देत होते. आबा दाराशी टोपी हातात घेऊन उभे होते. मास्तर मुलींच्या घोळक्यात, सगळ्यांत पुढे, फळ्याकडे डोळे लावून.

मोठ्या बाई त्यांना म्हणाल्या, “तुम्हीच का हिचे गुरू?”

“गुरू कसला. पयली रेघ माजी, ती चुकीची. म्होरलं समदं हिचं,” मास्तर म्हणाले. माझे डोळे भरून आले आणि फळ्यावरचं काही दिसेना.

परतीच्या एस.टी.त मास्तर खिडकीशी बसले, मी त्यांच्या शेजारी आणि आबा पुढच्या बाकावर. गाडी पुण्याबाहेर पडली आणि मास्तरांनी विचारलं, “पोरी, ती बगलंतली रेघ तू कमानीत वळवलीस कशी?” मी तळहातावर बोटाने काढून सांगितलं. ते हं म्हणाले. घाट चढताना पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं. पिरंगुट मागे पडलं तेव्हा त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं आणि म्हणाले, “मला न्हाई समजलं. परत पयल्यापासनं सांग.”

 आबा बाकावरून मागे वळले. “मास्तर, जरा दम धरा,” ते म्हणाले. “पोरीचं आजून एक वरीस शिकायचं ऱ्हायलंय. ते हू द्या, मग शिकवंल तुमाला सावकास.”